झाकणावरची अक्षरं

हे लिहावं की लिहू नये, या विचारात बेंगळुरूच्या मराठी मंडळाच्या अंकाची मुदत टळून गेली. तरी काकूंनी माझ्यासाठी दोन पानं राखून ठेवली, म्हणून आता भीत भीत लिहायला बसलो आहे. वाचणाऱ्यांनी आधीच माफ करावं. माझं मराठी घरातलं आहे. आम्ही आनेकलचे. पूर्वज इकडे नेमके कधी आले हे घरात कुणालाच ठाऊक नाही, घोड्यावरून आले एवढं मात्र प्रत्येकजण छातीठोकपणे सांगतो. माझी शाळा कन्नडमध्ये झाली. देवनागरी अक्षरं हिंदीच्या पुस्तकातून शिकलो आणि मराठी पुस्तकं निखिलच्या घरून आणून वाचली. निखिल हा माझा बेंगळुरूच्या कॉलेजातला मित्र, वडिलांच्या कॉम्प्युटरच्या नोकरीमुळं पुण्याहून इकडे आलेला. वर ज्यांना काकू म्हटलं त्या त्याची आई. त्या म्हणाल्या, "मानोजी, विषय कुठलाही घे, फक्त तुझा घे."

माझा म्हणता येईल असा माझ्याकडे एक मग आहे. स्टीलचा, झाकणाचा. डोंगरात नेण्यासाठी घेतलेला. अशा वस्तूवर कुणी लेख लिहितं का, मला माहीत नाही. आणि मी तरी लिहिणारा कोण? आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. कॉलेज पुरं केलेला मात्र अजून म्हणता येत नाही. एका पेपरचा निकाल यायचा आहे. त्या निकालाचा आणि या मगाच्या झाकणाचा संबंध आहे. तो सांगता आला तर बघतो.

आनेकलच्या बाजारात परवा अवरेच्या शेंगा आल्या. पुण्याकडच्या वाचकांनी अवरेला पावट्याची बहीण समजावं, पण वास तिचा तिचाच. शेंगांवर एक तेलकट लकाकी असते, तिला इकडे सोगडु म्हणतात. जितकं धुकं जास्त पडेल तितका सोगडु चढतो. डिसेंबर लागला की सकाळी सहाच्या बसच्या टपावर पोती चढतात आणि शहरापर्यंत सगळी बस त्या वासानं भरून जाते. संध्याकाळी घरोघरी सुपं घेऊन बायका दारात बसतात, भिजवलेला दाणा दोन बोटांत दाबतात आणि तो सालातून टुपकन उडी मारून बाहेर येतो. आईचं सूप आत्ता माझ्या शेजारीच आहे. टुप, टुप, टुप. या आवाजात अभ्यास केला, या आवाजात परीक्षेच्या तारखा मोजल्या. आणि तीन वर्षांपूर्वीचा तो डिसेंबरही याच आवाजाचा, याच वासाचा होता.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. कॉलेजात डोंगर चढणाऱ्यांचा एक गट होता आणि रसायनशास्त्राचे भट सर तो चालवायचे. नाताळच्या सुट्टीत कुद्रेमुखच्या बाजूच्या गवताळ डोंगरांत चार दिवस चालायचं ठरलं. निखिलनं माझं नाव मला न विचारता देऊन टाकलं. सरांनी सामानाची यादी दिली, त्यात कांबळं, टॉर्च, दोरी वगैरे होतं, आणि एका ओळीखाली त्यांनी दोनदा रेघ मारली होती. ती ओळ वाचून दाखवताना ते कन्नडमध्ये म्हणाले, "एक मग. मजबूत, झाकण नीट बसणारा. त्यातच पाणी उकळायचं, त्यातच जेवायचं, त्यातच कॉफी प्यायची. दुसरं भांडं आणलं तर ते तुम्ही वाहायचं, आणि झाकण नसलं तर उपाशी राहायचं."

उपाशी का, तेही त्यांनी सांगितलं. वर वाऱ्यात सरपण टिकत नाही, एकच छोटा स्टोव्ह असतो. पाणी उकळलं की मग खाली उतरवायचा, आत भाजलेला रवा किंवा पोहे टाकायचे आणि झाकण लावायचं. पुढचं शिजणं झाकणाच्या जिवावर.

ही यादी मी घरी वाचून दाखवली. अप्पा, म्हणजे माझे वडील, भिंतीला टेकून बसले होते. ते आनेकलमधल्या एका छोट्या कारखान्यात काम करतात. सगळे त्याला नुसतं प्रेस म्हणतात. डब्यांचं अंग दुसरीकडे तयार होतं. या प्रेसमध्ये फक्त झाकणं होतात. माझ्या जन्माच्या आधीपासून अप्पा झाकणं करत आले आहेत. कॉलेजातल्या कुठल्याही गोष्टीवर ते कधी बोलायचे नाहीत. पुस्तकं, फी, प्रयोगशाळा, सगळ्याला त्यांचं एकच उत्तर, "सरी, तुला कळतंय न्हवं, मग झालं." सरी म्हणजे इकडचं बरं. पण यादीतली ती ओळ ऐकली आणि ते ताठ बसले.

"झाकण म्हणाले?"

"होय अप्पा."

"नीट बसणारं म्हणाले?"

"दोनदा रेघ मारलीय."

अप्पांनी यादी हातात घेऊन ती दुहेरी रेघ बघितली. मग आईकडं बघून म्हणाले, "शिकलेला माणूस दिसतोय."

त्यांनी एक दिवसाची रजा टाकली. माझ्या आठवणीत लग्नकार्याशिवाय घेतलेली ती पहिली रजा. आम्ही दोघं बसनं बेंगळुरूच्या शिवाजीनगरला गेलो. मला वाटलं होतं, तासाभराचं काम आहे. भांड्यांच्या गल्लीत मगांचे डोंगर होते: इनॅमलचे, ॲल्युमिनियमचे, पितळेचे, स्टीलचे. मी पहिल्याच दुकानातला एक चकचकीत मग उचलला. अप्पांनी तो माझ्या हातातून घेऊन काचेच्या कपाटावर ठेवला आणि भोवऱ्यासारखा फिरवला. तो डुगडुगला. "बूड सपाट नाही," म्हणाले आणि पुढच्या दुकानात निघाले.

मग मी नुसता मागं मागं चालत राहिलो. अप्पा मग उचलायचे, काठावरून नख फिरवायचे. काठ आत वळवलेला नसेल तर खाली. बुडावर बोटाच्या सांध्यानं टकटक करून कानाला लावायचे. आवाज पातळ आला तर खाली. इनॅमल बघून म्हणाले, "एकदा आपटला की टवका उडणार, मग पोटात जाणार." ॲल्युमिनियमच्या मगाचा कान बघितला आणि म्हणाले, "डाग देऊन चिकटवलाय. विस्तवावर ठेवलास की कान हातात आणि मग चुलीत. रिव्हेट पायजे, दोन." आणि शेवटची परीक्षा झाकणाची. झाकण लावायचे, काढायचे, पाव वळसा फिरवून परत लावायचे, परत पाव वळसा. चारी बाजूंनी सारखं बसलं पाहिजे. एकही बसत नव्हतं.

आठव्या-नवव्या दुकानातला म्हातारा दुकानदार हे सगळं बघत होता. तो दख्खनीत म्हणाला, "क्या अण्णा, मग लेने आए कि मग का ब्याह ठैराने आए?"

अप्पा शांतपणे म्हणाले, "ढक्कन एकीच बाजू से बैठता, साब."

"तो उसीच बाजू से बिठाओ ना! रोज नई बाजू होना क्या तुमको?"

दुकानातली माणसं हसली. मीही ओशाळून हसलो. अप्पा हसले नाहीत. त्यांनी झाकण मगावर अलगद, अगदी झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसं ठेवलं आणि बाहेर आले. मला म्हणाले, "तोंड गोल नाही मगाचं. आपल्या डोळ्याला गोल दिसतं. झाकणाला कळतं."

हे वाक्य मी त्या दिवशी नुसतं ऐकलं. भूमितीच्या पुस्तकात वर्तुळाची व्याख्या मी पाठ केली होती, तिच्यावर मार्कही मिळाले होते. पण जगात खरोखर गोल असं फार थोडं असतं, आणि ते ओळखणारा माणूस माझ्याबरोबर आनेकलच्या बसनं आला आहे, हे मला उमगलं नव्हतं.

दुपार कलल्यावर, जुन्या लष्करी सामानाच्या एका दुकानात, बुटांच्या ढिगाखाली तो सापडला. जाड स्टीलचा, रुंद बुडाचा, कानाला दोन रिव्हेट. अप्पांनी फिरवला, तो जागच्या जागी गर्रकन फिरला आणि न डुगडुगता थांबला. टकटक केली. आवाज खोल, विहिरीतून यावा तसा. अप्पांनी तो माझ्या कानाला लावला. "ऐक."

"ढक्कन नै है, अण्णा," दुकानदार म्हणाला. "ढक्कन लडाई पे गया, वापस नै आया."

तेव्हा अप्पा त्या दिवशी पहिल्यांदा हसले. "ढक्कन मैं बनातूं."

रविवारी मालकाची परवानगी काढून अप्पा मला प्रेसमध्ये घेऊन गेले. एकोणीस वर्षांचा होतो, पण आत कधी गेलो नव्हतो. डाय, म्हणजे साचा, लावून रोज शिक्क्यासारखी झाकणं पाडणारी मोठी मशीनं बंद होती. एका मगाच्या मापाचं झाकण त्यांच्यावर होत नाही. अप्पा कोपऱ्यातल्या लेथकडं गेले. फणसाच्या लाकडाचा एक ठोकळा त्यांनी लेथवर लावून मगाच्या तोंडाच्या मापानं तासला. मग त्याच्यापुढं स्टीलची एक सपाट चकती अडकवली, मशीन सुरू केलं, आणि एक लांब दांडा काखेत धरून त्याचं गुळगुळीत टोक त्या फिरत्या चकतीवर टेकवलं.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. स्टील कडक असतं असं मी समजत होतो. ते अप्पांच्या दांड्याखाली वाकायला लागलं. घाई नाही, जोर दिसत नाही. अप्पांचं सगळं अंग दांड्याबरोबर हळूहळू कलत होतं आणि चकतीची कड लाकडाला बिलगत होती, पोळी उपड्या वाटीवर पसरावी तशी. पातळ शिट्टीसारखा आवाज येत होता आणि तो बदलला की अप्पांचा खांदा बदलत होता. त्यांचे डोळे अर्धे मिटलेले होते. मला त्या क्षणी वाटलं ते लिहितो, कुणी हसू नये: मला वाटलं की आपण चुकून कुणातरी मोठ्या माणसाच्या पूजेत शिरलो आहोत आणि पायात चपला आहेत. मी खरोखर चपला काढून बाजूला ठेवल्या.

"चपला घाल. पत्र्याचा कीस लागेल पायाला," अप्पा मशीनवरची नजर न काढता म्हणाले.

झाकण झालं. चारी बाजूंनी बसलं. शेवटी अप्पांनी त्याला सुईएवढं एक भोक पाडलं. मी विचारलं, "एवढं घट्ट केलं आणि भोक कशाला?"

"घट्ट बसावं, अडकू नये. गरम वाफ थंड झाली की झाकणाला आत ओढते. मग उघडत नाही. त्याला श्वास पायजे स्वल्प."

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मग माझ्या हातात दिला तेव्हा झाकणावर नाव घातलेलं होतं. आमच्याकडं नाव घातल्याशिवाय भांडं उंबऱ्याबाहेर जात नाही. लग्नातली, बारशातली सगळी भांडी नावानंच परत घरी येतात. बाजारातल्या भांड्याच्या दुकानात टरटर करणारं यंत्र असतं, त्यानं अप्पांनी इंग्रजी अक्षरांत घालून आणलं होतं: मानोजी राव, बी.एस्सी.

मी पहिल्या वर्षाला होतो. सहामाहीत गणितात काठावर होतो. अप्पांचा चेहरा इतका उजळ होता की चूक सांगवेना. "चांगलंय," म्हणालो. झाकण रुमालात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातलं.

डोंगरात पहिले दोन दिवस मी ते झाकण कुणाला दिसू दिलं नाही. अक्षरांवर तळवा ठेवूनच लावायचो आणि काढायचो. निखिलकडं परदेशातून आणलेला दुहेरी भिंतीचा मग होता, आट्यांचं, फिरवून आवळायचं झाकण, वर दाबायचं बटण. ते बघून माझ्या मगाला मीच मनात गरीब ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निखिलनं त्यात गरम पाणी घेतलं, पोहे टाकले, झाकण कचकचून आवळलं आणि थकून तसाच झोपला. पहाटे तिथं हाड गोठवणारी थंडी. सकाळी त्याचं झाकण उघडेना. त्यानं जोर लावला, दोघांनी मिळून लावला, दगडावर ठोकलं. पोहे आत, भूक बाहेर.

"मानो, यार, सीरियसली, मी मरतोय भुकेनं," तो म्हणाला.

माझ्या मगात आईनं भाजून दिलेला रवा होता, मिरची-कढीपत्ता घातलेला. मी पाणी उकळून वर झाकण लावून दहा मिनिटं थांबलो होतो. त्या बारीक भोकातून धाग्यासारखी एक वाफ सरळ वर जात होती. उघडलं तर एकेक दाणा फुललेला. अर्धा उपमा झाकणात काढून निखिलला दिला. देताना एवढंच बघितलं की झाकण उलटं आहे, अक्षरं खाली आहेत, जमिनीकडं.

पण भुकेला माणूस शेवटचा घास कसा खातो याचा मी विचार केला नव्हता. निखिलनं झाकण दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावलं, मान मागं केली, आणि समोर बसलेल्या सात जणांना ते नाव अगदी पाटीसारखं दिसलं.

"बी.एस्सी.!" कुणीतरी ओरडलं.

निखिलनं झाकण फिरवून वाचलं. "अरे! आपल्यात एक ग्रॅज्युएट लपून बसलाय! सर, याला उठून नमस्कार करा, तुम्ही नुसते लेक्चरर!"

सगळा डोंगर हसला असं मला वाटलं. कान तापले. भट सर उठून आले, झाकण मागून घेतलं. आता सरही काही म्हणणार. पण त्यांनी ते माझ्या मगावर लावलं. काढलं, पाव वळसा फिरवून लावलं. परत पाव वळसा. परत. शिवाजीनगरच्या गल्लीत अप्पा करत होते अगदी तेच. हसणं हळूहळू थांबलं.

"कुणी केलंय हे?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

"माझ्या वडिलांनी, सर."

"हातानं?"

"होय, सर. लेथवर."

सरांनी झाकण उजेडाकडं धरून ते बारीक भोक बघितलं. मग म्हणाले, "मी इतकी वर्षं तुम्हाला अचूक म्हणजे काय ते शिकवतोय. हे आधी दाखवायला हवं होतं." आणि झाकण परत देताना त्यांनी अक्षरांची बाजू खाली करून माझ्या तळव्यावर ठेवलं. ती त्यांची सभ्यता मी विसरलेलो नाही.

तेवढ्यात समोरचं धुकं हललं. दोन दिवस आम्ही पांढऱ्यातच चालत होतो. डोंगर आहे हे पायांना कळत होतं, डोळ्यांना नाही. ते धुकं एका कडेनं उचललं गेलं आणि खाली दरी उघडली. हिरव्या गवताच्या पाठी एकामागं एक, त्यांच्या खाचांत काळी झाडी, आणि खूप खोल पाण्याची एक तार. झाडीतून वाफ वर येत होती. माझ्या हातात गरम झाकण होतं, त्याच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब होते, आणि समोर तेच, तसंच, कुणीतरी केवढं तरी मोठं करून ठेवलेलं. मला अप्पांची आठवण झाली. त्यांनी कधी डोंगर बघितला नाही. हे त्यांना कसं सांगू, असं वाटून डोळ्यांत पाणी आलं. ते थंडीनं आलं असं मी निखिलला सांगितलं.

घरी आल्यावर सांगायचा प्रयत्न केला. अप्पांनी दरीचं ऐकून घेतलं, पण विचारलं ते झाकणाचंच. "वाफ कुठनं गेली? भोकातनंच? कडेनं नाही ना?" सरांनी चारी बाजूंनी लावून बघितलं हे सांगितलं तेव्हा ते दुसरीकडं बघायला लागले. मग मी धीर करून म्हणालो, "अप्पा, ती अक्षरं... बी.एस्सी. हे तीन वर्षांनी पास झाल्यावर लावतात. आत्ता लावत नाहीत."

अप्पांना खरंच माहीत नव्हतं. त्यांच्या प्रेसमध्ये पोरगा पहिल्या दिवशी लेथवर उभा राहिला की त्याला टर्नर म्हणतात. हात त्या दिवसापासूनच कामाचा होतो. कॉलेजातही तसंच असणार, असं त्यांनी धरलं होतं.

"अय्यो," ते हळूच म्हणाले. "हसले काय सगळे?"

"नाही अप्पा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. हसले हे त्यांना कळलं. झाकण हातात घेऊन ते अक्षरांवरून अंगठा फिरवत बसले. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, पण कुठलं अक्षर कुठं हे बोटांना ठाऊक होतं. मग म्हणाले, "आता निघायचं नाही हे. खोल घातलंय. अक्षरं पुढं गेली म्हणायचं. तू ये मागनं."

तीन वर्षं तो मग रोज माझ्या पिशवीत होता. आनेकलच्या बसमध्ये कारखान्याच्या माणसांच्या डब्यांना खेटून तो शहरात जायचा. कॉलेजात माझं नाव ग्रॅज्युएट पडलं. कँटीनमध्ये कुणी हाक मारायचं, "ए ग्रॅज्युएट, सरक की!" मी सरकायचो. त्या नावाची मला सवय झाली आणि हळूहळू, हे कबूल करताना लाज वाटते, ते खरंच आहे असं वाटायला लागलं. पुढं गेलेल्या अक्षरांना आपण गाठलंच आहे, असं समजून मी रमतगमत चालायला लागलो. गेल्या उन्हाळ्यात शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा गणिताच्या एका पेपरात गेलो होतो.

निखिल पास झाला. घरी सांगितलं तेव्हा आईनं पाठीवर हात ठेवला. अप्पा जेवत होते, ते जेवत राहिले. दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना मी झाकण घेऊन मागच्या अंगणात बसलो आणि पॉलिश पेपरनं ती अक्षरं घासायला लागलो. नाव राहू दे, पुढचं जाऊ दे. तासभर घासलं. भोवतालचं स्टील घासून चमकायला लागलं आणि अक्षरं आधीपेक्षा जास्त स्पष्ट दिसायला लागली. मान वर केली तर दारात अप्पा उभे होते. केव्हापासून, कोण जाणे.

ते आले, उकिडवे बसले, माझ्या हातातून पेपर घेऊन घडी करून खिशात घातला.

"डाय सरकली की झाकण वाकडं पडतं," म्हणाले. "एक पडतं, शंभर पडतात. त्या झाकणांना कुणी शिव्या देत नाही. मशीन थांबवायचं, डाय परत लावायची. ऑक्टोबरात परत असते म्हणे परीक्षा?"

"असते."

"मग?"

एवढंच. ऑक्टोबरपर्यंत रोज सकाळी ते प्रेसला जायच्या आधी मगात कॉफी करून झाकण लावून माझ्या वह्यांजवळ ठेवायचे. अक्षरं वर असायची. मी उठून, तोंड धुऊन येईपर्यंत कॉफी गरमच असायची. मी तिची वाफ त्या भोकातून सरळ वर जाताना बघायचो आणि गणितं सोडवायचो. वर्तुळ म्हणजे एका बिंदूपासून सारख्या अंतरावर असलेले सगळे बिंदू. आता मला ते कळत होतं. चारी बाजूंनी, पाव पाव वळसा फिरवून, सारख्या अंतरावर. एवढी साधी आणि एवढी अवघड गोष्ट.

परीक्षा दिली. पेपर कसा गेला याचं उत्तर मी कुणालाच दिलं नाही, स्वतःलाही नाही. आज येईल, उद्या येईल, असं करत निकाल लांबला. दर दोन दिवसांनी निखिल कॉलेजात जाऊन बोर्ड बघतो. आमच्या घरी फोन नाही. काही कळलं तर प्रेसच्या ऑफिसात फोन कर, असं त्याला सांगून ठेवलं आहे. मधल्या काळात अवरे बाजारात आली, धुकं पडायला लागलं, आणि काकूंनी दोन पानं राखून ठेवली.

इथपर्यंत लिहून झालं होतं. शेवट काय करावा ते सुचत नव्हतं, म्हणून मी आईच्या सुपातले दाणे सोलत बसलो होतो. दुपारचे तीन वाजले असतील. फाटकाचा आवाज आला. अप्पा. प्रेसची पाळी पाच वाजता सुटते; पाळी टाकून ते कधी घरी आलेले मी बघितले नाहीत. सायकल भिंतीला न टेकवता तशीच पडू दिली होती. हात काळे, ग्रीसचे. आईनं सूप खाली ठेवलं. "काय हो, लागलं काय कुठं?"

अप्पा तसेच आत गेले, फळीवरचा मग काढला, झाकण सदऱ्याला पुसलं. पुसायला गेले ते ग्रीस आणखी फासलं गेलं. अक्षरांच्या खाचांत काळं भरलं आणि ती लांबूनही वाचता यायला लागली. मग त्यांनी झाकण मगावर ठेवलं. पाव वळसा. पाव वळसा. पाव वळसा. चारी बाजूंनी बसत होतं.

"निखिलचा फोन आलता," ते म्हणाले. "बोर्डावर नंबर आहे म्हणाला. पास. दोनदा विचारलं मी, दोनदा म्हणाला."

आणि मग माझ्याकडं बघून, कुणी फार लांबून चालत आल्यावर दारात म्हणावं तसं म्हणाले, "गाठलंस की रे अक्षरांना."